मोंढ्यातलं वजन

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला मी नांदेडच्या एका दवाखान्यात शिकायला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे वॉर्डात काही बोलायचं तर आधी मनात दोनदा म्हणून बघायची.

तिथे उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली केलेले एक मामा भरती होते. किडनीचा जुना आजार, त्यात लघवीचा संसर्ग आणि ताप. त्यांना द्यायचं अँटिबायोटिक किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असली की ते अंगात साचतं आणि कान कायमचे जाऊ शकतात. म्हणून वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डोस ठरवायचा. वॉर्डाच्या डॉक्टर मॅडमनी तो हिशोब मला दिला.

"मामा, वजन किती?"

"सत्तर."

इतकं ठाम उत्तर मिळाल्यावर मी तेच धरलं. आमच्याकडेही बाबा अजून लग्नाच्या वेळचंच वजन सांगतात. पण कागद घेऊन निघताना मामांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. बांगडी सहज फिरेल इतकं बारीक. मी परत वळले.

"कधी केलं होतं वजन?"

"मोंढ्यात व्हतो तवा. सोयाबीनच्या काट्यावर."

"त्याला पंधरा वर्सं झाली!" पलंगाशेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, मामी, म्हणाल्या.

मी मामांना धरून वजनकाट्यापर्यंत नेलं. "जलमभर दुसऱ्याचा माल मापला," ते हसले, "आता तू मला माप, पोरी." काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. मामांनी वाकून आकडा बघितला. मग म्हणाले, "सोयाबीनच्या पन्नास किलोच्या कट्ट्याला दोन किलो कमीच."

मी जाऊन मॅडमना माझी चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "वजन विचारायचं नसतं, करायचं असतं," एवढंच म्हणाल्या. मी हिशोब पुन्हा केला. डोस कमी झाला, दोन डोसांमधलं अंतर वाढलं. त्यांनी तपासून सही केली, आणि मगच पहिलं इंजेक्शन गेलं.

तरी त्यांच्या कानांची भीती होतीच. रोज सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून हळूच काहीतरी विचारायची. मामी म्हणायच्या, "काय बघून राहिलीस? माझं तर ह्यांना चाळीस वर्सं ऐकू येत न्हाई."

ताप उतरला, किडनीच्या रिपोर्टातला आकडाही वाढला नाही. घरी जायच्या दिवशी मामा पाठमोरे बसून टॉवेलची घडी घालत होते. मी दारातून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, महिन्याला वजन करत जा."

"हाव," ते मागे न बघता म्हणाले, "करतो."