भोवऱ्याची घोडी

मोबाईलवरच्या खेळात मी रानटी घोडे पकडते. तबेल्यात दहाच ठेवता येतात, बाकीचे सोडून द्यावे लागतात. तीन आठवडे मागं लागून एक काळी घोडी मिळवली होती. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात रोज शेजारी बसून खेळ बघणाऱ्या सासऱ्यांनी तिला परस्पर रानात सोडलं. "कपाळावर भोवरा हाय. असलं जनावर कोण दावणीला बांधत न्हाय." बैलबाजारात त्यांच्या पारखीला मान आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामंजी, ही दावण माझी हाय." ते नुसते हसले. मला बघायला आले तेव्हाही असंच हसत त्यांनी मला दारापर्यंत दोनदा चालायला लावलं होतं. आणि मी मुकाट चालले होते.