आरसा, न्यूट्रल, हँडब्रेक

चिनू-मनू, माझ्या गाडीत आजवर एकही वस्तू विसरून राहिलेली नाही.

मी शिस्तीची बाई. निघण्यापूर्वी "आरसा, न्यूट्रल, हँडब्रेक" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. (तुमचे आजोबा याला माझी आरती म्हणतात.)

तर, नितीनकाकाने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि माझ्या म्हाताऱ्या गाडीवर संक्रांत आली.

"आई, क्लचचा जमाना संपला. पुढे नव्या गाड्यांत गिअर टाकणं उरणारच नाही. विकून टाक!"

"मग डावा पाय काय नुसता मिरवायला आणायचा?"

शेवटी पैज लागली. दोन्ही गाड्या विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला न्यायच्या. माझी वाटेत एकदा जरी बंद पडली, तरी विकायची!

सकाळी डहाणूत दाट धुकं होतं, म्हणून नियमाप्रमाणे मी दिवे लावले. आजोबा शेजारी बसले. आम्ही ऐटीत पोचलो, दर्शन घेतलं, प्रसाद घेतला. परत येऊन किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्! दिवे बंद करायचे राहिले होते (हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही) आणि बॅटरी पार झोपली होती.

काकाचा चेहरा असा खुलला, जणू देवीच पावली. "आई, ठरलं होतं ना?"

"वाटेत बंद पडली तर, असं ठरलं होतं. ही देवळाच्या दारात बंद पडली आहे! धक्का मारा!"

कासा गावच्या एका जीपवाल्याने हाक दिली आणि जीपमधले सगळे प्रवासी मदतीला उतरले. नारळाची पिशवी गाडीच्या टपावर ठेवून कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून भिडलं. काका नव्या शर्टासकट मागे लागला.

"आजी, सेकंडमध्ये टाका! क्लच दाबून धरा!" जीपवाला ओरडला.

"तू रांगत होतास तेव्हापासून दाबतेय रे! तू ढकल!"

गाडी पळू लागली. मी क्लच सोडला, एक गचका बसला आणि इंजिन असं गरजलं म्हणून सांगू! टपावरची पिशवी मागे कुणाच्या तरी हातात पडली. आरती राहिली, पण थांबायची सोय नव्हती. मी खिडकीतून ओरडले, "नितीन! तुझ्या ऑटोमॅटिकला असा धक्का मारून चालू करून दाखव!"

मागे सगळे हात उंचावून ओरडत होते. काही जण तर पळत येत होते. मी म्हटलं, केवढं हे कौतुक!

चारोटी मागे पडलं, डहाणू आलं. विजयाच्या तोऱ्यात गाणं गुणगुणत मी घराच्या फाटकापाशी पोचले. इंजिन बंद करायची माझी छाती नव्हती, म्हणून बसल्या जागेवरून म्हटलं, "अहो, उतरून फाटक उघडा की!"

शेजारची सीट रिकामी.

थोड्या वेळाने काकाची ऑटोमॅटिक आवाजही न करता मागे येऊन थांबली. तिच्यातून आजोबा उतरले. टपावरची नारळाची पिशवी काखेत, खिशात फाटकाची किल्ली, चेहऱ्यावर धक्का मारल्याचा घाम!

"गाडी ठेव, आई," काका हात जोडून म्हणाला. "पैज तू जिंकलीस."

तेव्हा मुलांनो, गिअरची गाडी आमच्या घरातून तरी जाणार नाही. फक्त माझी आरती आता थोडी लांबली आहे: आरसा, न्यूट्रल, हँडब्रेक, आजोबा!