दुसरी रात्र

आमच्या घरातून सुट्टीला निघायचं म्हणजे आधी गावात कोण कोण आजारी आहे ते बघावं लागतं. ऐकायला वाईट वाटतं, पण काय करणार? मुरबाड तालुक्यात धसईच्या अलीकडे आमचं गाव, आणि भावकी एवढी मोठी की आज याच्याकडे बारसं, उद्या त्याच्याकडे हळद, परवा कुणाचा दहावा. आमचे हे यातलं एकही चुकवत नाहीत. हळदीला उशिरा गेलं तरी चालतं, पण भावकीतल्या माणसाच्या मातीला नाही गेलं, तर ते जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. गावात कुणी गेलं की तिरडीचे बांबू तोडायला पहिले आमचे हे. लोक त्यांचं नाव घेतात. मला त्याचा अभिमान आहे, आणि वैतागही तेवढाच आहे.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो, ते भावकीत कुणी गेलं म्हणून पनवेलच्या स्टँडवरून परत आलो. मग काही वर्षांनी कोल्हापूरला पोचलो, एक रात्र राहिलो, आणि सकाळी फोन. देवीचं दर्शनसुद्धा घाईत उरकलं. दुसरी रात्र म्हणून मी कधी बघितलीच नव्हती. माझं माहेर शहापूरचं, भर बाजारातलं. तिथे शेजारपाजारचे कुठे कुठे जाऊन यायचे आणि आठवडाभर ओट्यावर तेच सांगत बसायचे. मला तशी मिरवायची हौस नाही, असं मी म्हणते, पण आहे. म्हणून यंदा लेकीची दहावीची परीक्षा संपली तसं मी यांना ठणकावून सांगितलं, "दोन रात्री. एक नाय, दोन. पहिली रात्र नवीन जागेत कूस बदलण्यातच जाते. सुट्टी लागते ती दुसऱ्या रात्री."

"बरं," एवढंच म्हणाले. यांच्या 'बरं'चा मला भरवसा नव्हता.

त्यात वरच्या आळीतले काका, म्हणजे माझे चुलत सासरे, अंथरुणाला खिळलेले. वय झालेलं, काही नवल नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम बघून आले. काकी त्यांना चमच्याने पेज भरवत होती. काकांनी वाटी संपवली आणि वर मलाच म्हणाले, "बारीक झालीस गो." मी इतकी खूश होऊन घरी आले की विचारू नका.

सकाळच्या एसटीने मुरबाड, तिथून कल्याण, मग पनवेल, मग अलिबाग, आणि पुढे रिक्षा. लेक कानात वायर घालून बसलेली. मी मात्र प्रत्येक स्टँडवर यांच्या खिशाकडे बघत होते. फोन वाजला की मी कान टवकारायचे. एकदा यांच्या कंपनीतला कुणी होता, एकदा कर्ज हवंय का विचारणारी बाई. त्या बाईशी मी स्वतः दोन मिनिटं प्रेमाने बोलले.

नारळ-सुपारीच्या वाडीत एका बाईंनी दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथे उतरलो. आणि खरं सांगते, समुद्राचं सुख नंतरचं. मला पहिलं सुख झालं ते दुसऱ्या बाईने केलेला चहा बसल्या जागी हातात आला याचं. कप विसळायचा नाही. रात्री काय करायचं ते कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या दोरीवर आपले कपडे वाळतायत आणि ऊन उतरलं तरी काढायची घाई नाही. साबणाची ती इवलीशी वडी मी लेकीच्या नकळत पर्समध्ये टाकली. संध्याकाळी वाळूत चप्पल हातात घेऊन चालले, तळवे खरवडून निघाले, बरं वाटलं. पण बरं वाटता वाटताच मनात यायचं, आता वाजेल. सुखाने बसता येत नाही म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

पहिली रात्र माझ्या भाकिताप्रमाणे कूस बदलण्यात गेली. सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात यांचा फोन वाजला. हे उठून पार विहिरीपाशी गेले. परत आले तेव्हा मी डोळे वटारून विचारलं, "कोण?"

"कंपनीतला," म्हणाले. "चल, समुद्रावर जाऊ."

आता आमचे हे म्हणजे पाण्याला भिणारा माणूस. नदी भरून वाहते तेव्हा पुलाच्या कडेने चालत नाहीत. आदल्या संध्याकाळी घोटा भिजला तरी मागे सरकत होते. आणि त्या सकाळी हा माणूस शर्ट-पँटसकट सरळ पाण्यात गेला. कंबरभर पाण्यात उभा राहिला, आणि नाक दाबून तीन बुड्या मारल्या. डोक्यावरून पाणी निथळतंय, डोळे लाल. लेक आणि मी हसून हसून वाळूत बसलो. मला वाटलं, सुटला एकदाचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस गाव मागे ठेवून आला. मला त्या घटकेला जो आनंद झाला, तो मी सांगू शकत नाही.

पण दुपारी बाईंनी सुरमई तळून आणली, तर हे म्हणाले, "मला डाळभात वाढा. पोट ठीक नाय." मी मनात चडफडले. समुद्रावर येऊन डाळभात! माझी तुकडी मी दोघांची भूक असल्यासारखी खाल्ली. मग दुपारभर अंगणात यांच्या येरझाऱ्या. बसले की उठायचे, उठले की फाटकापर्यंत जायचे, मोबाईल बघायचे, परत यायचे. मी शेवटी तडकले.

"घरची आठवण येत असेल तर सरळ सांगा. आमी दोघी राहतो, तुमी जावा."

"नाय गो," म्हणाले, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. दोन मिनिटांनी पुन्हा उठले.

दिवस मावळायच्या सुमारास हे लेकीला घेऊन गोळेवाल्याकडे गेले होते आणि माझा फोन वाजला. थोरल्या जाऊबाई. "काका गेले गो," त्या म्हणाल्या. "दुपारीच माती झाली." त्या पुढे काही बोलणार होत्या, पण मी "उद्या येतो" म्हणून फोन ठेवून दिला. पुढचं ऐकायची हिंमत नव्हती.

वाईट वाटलं. ज्या माणसाने मला बारीक झालीस म्हटलं, तो नव्हता. पण त्याच्या पाठोपाठ लगेच मनात काय आलं तेही सांगते. यांना सांगितलं तर हे आत्ताच्या आत्ता बॅग उचलणार. मिळेल त्या गाडीने निघणार. माती तर झालेली. मग एक रात्र थांबलं तर कुणाचं काय जातं? सकाळी सांगू. मी मनाशी ठरवून टाकलं.

मात्र आमच्यात कानावर आलं की सुतक लागतं. ऐकलं त्याने डोक्यावरून आंघोळ करायची, आणि दहावा-तेरावा होईपर्यंत मासमच्छी शिवायची नाही. तेवढं मोडायची माझी छाती नव्हती. मी खोलीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. हे आले तर म्हणाले, "परत आंघोळ?"

"केसात वाळू गेली."

जेवायला बसलो. बाईंनी कुरकुरीत मांदेली आणली, लेकीच्या ताटात घातली, माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मला नको. डाळभातच द्या."

यांचा हात घासावरच थांबला. माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्या ओल्या केसांकडे. मी यांच्या ताटाकडे बघितलं. तिथेही डाळभात.

लेक म्हणाली, "दोघांचं पण पोट बिघडलं?" आणि उरलेले काटे घेऊन मांजराला घालायला गेली.

"तुला कोणी सांगितलं?" यांनी हळूच विचारलं.

"जाऊबाईंनी. तुमाला?"

"सकाळीच."

"मग ते पाण्यात गेलात ते..."

"आंघोळ करायची होती. बाथरूमात परत गेलो असतो तर तू विचारलं असतंस."

दिवसभर मी त्या तीन बुड्या आठवून आठवून खूश होत होते. तो माणूस काकांच्या नावाने पाणी घेत होता आणि मी वाळूत बसून हसत होते. "ती लोकं माती थांबवायला तयार होती," हे म्हणाले. "संध्याकाळपर्यंत ठेवतो म्हणाली. मीच म्हटलं, नका ठेवू, आमी लांब आलोय."

"मला सांगायचं ना. गेलो असतो."

"गेलोच असतो," हे म्हणाले. "म्हणून नाय सांगितलं."

मला रडू आलं. एवढा राग आला यांचा आणि एवढी माया आली, की मी भाताकडे बघत बसले. मला हवी होती ती दुसरी रात्र मिळाली. पण काकीला तोंड कसं दाखवायचं, याच विचाराने ती सरली. सकाळी मीच बॅग भरून तयार होते, पहिल्या गाडीने चला म्हणत होते. हेच म्हणाले, "चहा घेऊ. बस जरा."

परत आलो ते घरी न जाता तडक वरच्या आळीत. अंगणात बाप्ये बसलेले. त्यातलं कुणीतरी आम्हाला ऐकू जाईल असं म्हणालं, "समुद्रावर होते म्हणे." हे बॅग हातात धरून मान खाली घालून उभे राहिले. ज्या माणसाने गावातली एक माती चुकवली नाही, त्याला हे ऐकावं लागत होतं, आणि ते माझ्यापायी. माझं अंग पेटलं.

आतून काकीने हाक मारली. मी जाऊन जवळ बसले. तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "समुद्र बघितलास?"

"हो," मी म्हटलं.

"किती राह्यलात?"

"दोन रात्री, काकी."

"बरं झालं," ती म्हणाली. "मधेच नाय आलात ते बरं झालं. आमी एकदाच निघालो होतो गो, मी आन हे. नाशिकला. शहापूरच्या स्टँडावर मागनं माणूस आला, म्हणे भावकीत कोण वारलंय, चला माघारी. आलो. मंग जाणं झालंच नाय."

"कोण वारलं होतं तेव्हा?" मी विचारलं.

काकी आठवत राहिली. भिंतीकडे बघत, ओठ हलवत, एकेक नाव मनात घेत असावी. मग तिने मान हलवली.

"नाय गो," ती म्हणाली. "आता ध्यानात नाय."