पत्रिकेच्या पाठीवरची ओळ

खरं सांगितल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस अख्ख्या पालममध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला! आमचे मावसा. एसटी स्टँडच्या मागं त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका असो नाहीतर हँडबिल, पाठीमागं खाली एक ओळ ठरलेली: "हा कागद रद्दीपासून बनवलेला आहे." कागद पिवळसर, खरखरीत, मधेमधे ठिपके. ते ठिपके मावसा चष्मा वर करून कौतुकानं दाखवायचे. "बघ, पहिल्या जन्मात ही बी कुणाची तरी पत्रिकाच असंल!"

गिऱ्हाईक मात्र भडकायचं. ताडकळसच्या एका वरबापानं तर पत्रिकांचा गठ्ठाच टेबलावर आदळला. "पोराच्या लग्नात रद्दीचं नाव कायला काढायलाव हो?" मावसा थंड. "खरं हाय ते छापलं. चहा घेता का?" ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ती ओळ एका उमेदवाराच्या फोटोच्या बरोब्बर पाठीमागं आली. विरोधकानं भर सभेत तेवढीच वाचून दाखवली. उमेदवार पडला, आणि मावशीनं चार दिवस मावसांशी अबोला धरला. बरं, रद्दीचा कागद संपला तर माणसानं गप्प बसावं की नाही? छे! "कागद नवा आहे, नाइलाज झाला," असं छापणार. पण काही म्हणा, मावसांची पत्रिका हातात पडली की लोक मुहूर्त नंतर बघायचे, आधी ती उलटायचे.

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. पाहुणे परभणीचे, पोरगा लेकीच्या मनात भरलेला. त्यांच्या अटी दोनच: पत्रिका चकचकीत पाहिजे, आणि मागं कसलीच ओळ नको. लोक म्हणतील, रद्दीवाल्याची पोरगी केली. लेक म्हणाली, "पप्पा, तुमी म्हणाल तसं. मोडलं तर मोडलं." मावसा मात्र पाहुण्यांना हो म्हणाले.

पत्रिका द्यायला ते आमच्या घरी आले. गुळगुळीत, सोनेरी पत्रिका. सवयीनं मी ती उलटली. मागं काहीच नव्हतं.

"न्हाई बाबा तिथं काय," मावसा हात जोडून म्हणाले. "लग्नाला मात्र या."

फार वाईट वाटलं मला. लग्न झकास झालं, लेक सुखात आहे, तक्रार कशाचीच नाही. पण त्या दिवसापासून मावसांनी ती ओळ कुणाच्याच पत्रिकेवर छापली नाही. विचारलं तर म्हणतात, "पोरीच्या पत्रिकेवर न्हाई छापली, आता दुसऱ्याच्या कोणत्या तोंडानं छापू?"

कागद अजून रद्दीचाच आणतात. आणि आम्ही येडे, अजून पत्रिका उलटून बघतो.