दुपारचं लोडशेडिंग

वर्ल्डकपच्या तयारीत अख्खं कतार खणून ठेवलं होतं, त्या वर्षांत मी उत्तरेच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका कामगार छावणीत वीज सांभाळायला होतो. बायको आणि मुलगी दोह्यात, बिन महमूद भागातल्या घरी. छावणीपर्यंत सरकारी लाईन पोचलेली नव्हती. दोन जनरेटर होते, आणि ऐन ऑगस्टात त्यातला एक बसला. पार्ट दोह्याहून यायचा होता. फोन केला की पलीकडून उत्तर एकच, "इन्शाल्ला, उद्या."

उरलेल्या जनरेटरवर रात्र कशीबशी निभायची. दुपारी मात्र चारांपैकी तीनच बराकींचे एसी चालत. उन्हामुळे बाहेरचं काम बंद, माणसं तेव्हाच जरा पाठ टेकायची. मग मी रोज एकेका बराकीची वीज बंद ठेवायला लागलो. मी जळगावकडचा, लोडशेडिंगचं वेळापत्रक करायला मला कोणी शिकवायला नको. लहानपणी ज्याला शिव्या घातल्या तेच मी इथे चोख राबवत होतो.

माझी खोली मात्र कधी बंद होत नव्हती. ती पॅनेलरूमला लागून, त्याच लाईनवर. तिथला एसी बंद होऊन पॅनेल तापलं असतं तर सगळी छावणीच अंधारात गेली असती. कारण खरं होतं, आणि इतकं सोयीचं खरं कारण मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही. बायको फोनवर विचारायची, "तुझ्याकडे तरी एसी आहे ना?" मी "आहे गं" म्हणून विषय बदलायचो.

एका दुपारी राहवेना म्हणून बाहेर आलो. बंद बराकीतली माणसं डोक्यावर ओले टॉवेल घेऊन भिंतीच्या हातभर सावलीत बसली होती. त्यांच्यातल्या वयस्कर बिहारी फोरमनला मी म्हटलं, "मेरे कमरे में आ जाओ. दस-बारा लोग बैठ जायेंगे."

"नहीं साब," तो म्हणाला. "आप सो जाओ. आप बीमार पडे तो मशीन कौन देखेगा?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला जाता यावं म्हणून एकाने पाय आखडून घेतले.

आमच्या घरी पाहुण्याने नको म्हटलं तरी पोळी पानात पडते. दोनदा, तीनदा आग्रह केल्याशिवाय आम्ही साधा चहा मागे नेत नाही. त्या दुपारी मी एकदाच विचारलं. तो नाही म्हणाला आणि मला हायसं वाटलं. त्याची लाज अजून वाटते. आत जाऊन मी गार गादीवर पडलो, आणि मला छान झोप लागली.