होपींचा रकाना

बाईंशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं. जानेवारीतला धुक्याचा दिवस होता. चंदीगडच्या सेक्टर अडतीसमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हीटर लावूनही पाय गारठत होते आणि मी उभी राहून ओरडत होते, "बाई, तुमच्या एका वहीपायी माझी अठरा वर्षं पाण्यात गेली!" बाई शालीत गुरफटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाण्यात कशाला, इथंच तर आहेत. चहा घे." मी चहा न घेता निघाले, दारही आपटलं. जिन्यात वाटलं, परत जावं… पण माझा स्वभाव तसला नाही. दोन आठवड्यांनी नणंदेला दिल्लीच्या बसमध्ये बसवायला सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर गेले होते, तिथं बाईंच्या शेजारणीचा, बिन्नी आंटींचा फोन आला. "बेटा, मैडम सुबह उठी ही नहीं." कंडक्टर दिल्ली-दिल्ली ओरडत होता, नणंद खिडकीतून हात हलवत होती, आणि मला रडू आलं नाही. राग आला. भांडण अर्धं टाकून अशा कशा गेल्या?

बाई म्हणजे शालिनीबाई, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, उभा जन्म चंदीगडमध्ये समाजशास्त्र शिकवण्यात गेला. मी मिरजेहून इथं आले तेव्हा हिंदी कशीबशी, पंजाबी शून्य. विद्यापीठाच्या ऑफिसात एक क्लार्क मला तीन दिवस नाचवत होता. चौथ्या दिवशी मी पुटपुटले, "मेल्या, तुझ्या हातात कागद आहे, दे की!" मागून आवाज आला, "त्याला मराठी येत नाही, पण 'मेल्या'चा सूर कळतो हो. चल माझ्या खोलीत." त्या दिवसापासून मी त्यांना बाई म्हणायला लागले. सगळा विभाग मॅडमजी म्हणायचा. बिन्नी आंटींनी तर मला एकदा बाजूला घेऊन दटावलं, एवढ्या शिकलेल्या मॅडमला कामवाली असल्यासारखं 'बाई' काय म्हणतेस! बाई हसून हसून बेजार. "म्हणू दे हो," म्हणाल्या, "कामवाली झाडू मारते तसंच आमचं काम, लोकांच्या घरातलं."

त्यांचं काम जगावेगळं. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, तिथल्या एका लहान बेटावरचं एक गाव त्यांनी धरलं होतं. आणि दुसरीकडे होपी. अमेरिकेत, ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात, सपाट माथ्याच्या डोंगरांवर शेकडो वर्षं एका जागी राहिलेली ही आदिवासी मंडळी. ह्या दोन गावांची सामाजिक-आर्थिक तुलना करायची. का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाई म्हणाल्या, "एकांना जहाजात कोंबून आणून टाकलं. दुसऱ्यांना हलवू बघितलं, ते हलले नाहीत. सरकारी कागदावर दोन्ही गरीब. म्हणजे कागदात काहीतरी खोट आहे ना?" मग बाहेरच्या खोलीत जमिनीवर ड्रॉइंग पेपर एकमेकांना चिकटवून त्यांनी हा एवढा मोठा तक्ता केला. डावा रकाना वेस्ट इंडियन, उजवा होपी. घर कुणाचं, जमीन कुणाची, पाणी कुठून येतं, तरुण मुलं कुठं जातात, परत कधी येतात, म्हाताऱ्यांना कोण बघतं. आम्ही त्यावर मोजे घालून फिरायचो. पाहुणे आले की त्यांनाही चपला काढायला लावायच्या, आणि लोकांना वाटायचं मॅडमच्या घरी मोठं सोवळं आहे.

डावा रकाना मी भरला. हे मी अभिमानानं सांगते. दोनदा बाईंबरोबर त्या बेटावर जाऊन आले. मिस आयव्ही नावाच्या एका सत्तरीच्या आजींच्या ओसरीवर आम्ही राहिलो. त्यांची जमीन कुणा एकाची नव्हतीच. गुलामीतून सुटलेल्या त्यांच्या खापरपणजीनं घेतलेला तो तुकडा, तिच्या रक्ताचं कुणीही लंडनहून का येईना, त्याला तिथं घर बांधायचा आणि झाडाचं फळ तोडायचा हक्क. विकायचा हक्क मात्र कुणालाच नाही. ते झाड बघून बाई अक्षरशः नाचल्या, "अगं, हा तर आमचा नीरफणस!" आणि दुपारी त्याचे काप तळून सगळ्या गल्लीला खायला घातले. मिस आयव्हीच्या मुली परदेशात कामाला. तिथून मोठाली पिंपं भरून यायची, तांदूळ, साबण, बूट. नातवंडं आजीपाशी. पर्यटकांच्या हंगामात हॉटेलात काम, एरवी नाही. आजी स्वतःच सांगायची आणि वर धाक दाखवायची, "लिही पोरी, नीट लिही. लिहिलं नाहीस तर माझ्या मागे कोण खरं मानणार?" माझी पेन्सिल थांबली की तिचा जीव खालीवर व्हायचा.

परत आल्यावर बाईंना हे चंदीगडमध्येही दिसायला लागलं. बिन्नी आंटींची दोन्ही मुलं कॅनडात, गावाकडची जमीन भावाभावांत पडून. "बघ," बाई म्हणायच्या, "आपला डावा रकाना जिना चढून वर आला." आंटी मुलांना पिन्नीचे, म्हणजे कणकेच्या लाडवांचे, डबे पाठवायच्या, पिंपं उलट दिशेनं चालली होती एवढाच फरक.

उजव्या रकान्यात मात्र वरवरचं तेवढं होतं. घर आईचं असतं, लग्न झालं की नवरा बायकोकडे राहायला येतो, कूळ आईकडून मोजतात. पावसाच्या भरवशावर वाळूत खोल मका पेरतात. मुलं शहरात कामाला जातात आणि सणाला परत येतात. पाणी काही घरांत नळाला, काहींत वाहून आणलेलं. ह्यानंतर चौकटीमागून चौकटी कोऱ्या. बाई तर तिथं माझ्या आधी तीनदा जाऊन राहिल्या होत्या! एका हिवाळ्यात आम्ही गॅलरीत उन्हात मटार सोलत बसलो होतो तेव्हा मी खनपटीलाच बसले, आणि मग त्यांनी सांगितलं.

होपींच्या गावात फोटो काढायचा नाही, आवाज टिपायचा नाही, चित्रही काढायचं नाही, असा नियम आहे. कितीतरी अभ्यासक आले, त्यांचं सगळं उचलून नेलं, छापलं, काचेच्या कपाटांत मांडलं, म्हणून. बाईंना हे पक्कं माहीत होतं. ज्या म्हातारीच्या घरी बाई राहत होत्या, तिनं त्यांना हळूहळू खूप काही सांगितलं, त्या घराबद्दल, शेताबद्दल, कुणाला काय द्यायचं असतं आणि का. सांगताना म्हणाली होती, हे ऐक, पण लिहू नकोस. बाईंनी मान डोलावली. आणि रोज संध्याकाळी वही काढून लिहिलं. मराठीत.

"मला वाटलं, मराठीत लिहिलं म्हणजे न लिहिल्यासारखंच," बाई म्हणाल्या. मटाराची शेंग हातात तशीच राहिली होती. "तिथं त्या डोंगरावर मराठी कोण वाचणार? आपण पोथी देवाला कळेल एवढ्या हळू आवाजात पुटपुटतो ना, तसं. माझ्या मनातलं माझ्या भाषेत. मला ते लिहिणं वाटलंच नाही गं." एके दिवशी म्हातारीनं दारातून बघितलं. विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, माझ्या भाषेत आहे, इथं कुणाला येत नाही. म्हातारी म्हणाली, "तुझ्या माणसांना येते ना?"

मी विचारलं, मग वही हिसकावून घेतली का? जाळायला सांगितली? "नाही ना," बाई म्हणाल्या, "तसं केलं असतं तर सुटले असते. ती म्हणाली, हे तू केलंस, आता तूच सांभाळ. आणि मला जेवायला वाढलं." बाई परत मटार सोलायला लागल्या. त्यानंतर त्यांनी त्या वहीतलं एक अक्षर वापरलं नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांतून भरा म्हटलं तर फटकारायच्या, "तेही असंच उचललेलं. चोरावर मोर होऊ मी?"

मला त्यांचं पटायचं आणि पटायचंही नाही. खरं सांगते, मला माझी पडली होती. ह्या तुलनेचं पुस्तक व्हायचं होतं, त्यावर दोघींची नावं येणार होती. अर्ध्या तक्त्याचं पुस्तक कोण छापणार? ज्यांनी ज्यांनी हस्तलिखित वाचलं त्यांनी एकच शेरा मारला, अपूर्ण. माझ्या बरोबरीची मंडळी प्रोफेसर होऊन बसली, मोहालीत घरं सजवून बसली, आणि मी अजून 'पुस्तक येतंय' म्हणत हिंडत होते. अहो, लोक विचारायचेसुद्धा बंद झाले! म्हणून जानेवारीत गेले आणि वही मागितली. म्हटलं, तुम्ही नका वापरू, मी वाचते, मी लिहिते, पाप माझ्या माथी. बाई चहा घे म्हणाल्या. बाकीचं वर सांगितलंच आहे.

दहाव्या दिवसानंतर पुण्याहून त्यांची भाची आली. बिचारीला काय ठेवायचं, काय टाकायचं काही उमजेना. वह्यांचं खोकं, त्यात ती होपींची वहीही, माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मावशीचं हे तुम्हालाच कळेल." लगेच विभागप्रमुखांचा फोन. माणूस वाईट नाही. "आप तो मराठी जानती हैं, बस उनकी डायरी से वो खाली हिस्सा भर दीजिए. साल के अंदर किताब आ जाएगी, मैडम को इससे बड़ी श्रद्धांजलि क्या होगी?" मी 'देखती हूँ जी' म्हटलं. मनातल्या मनात तर मुखपृष्ठावर माझं नाव कुठं येईल तेही बघून झालं होतं. शरम वाटते, पण झालं होतं. घरी आले तर माझी दहावीतली मुलगी ईरा खोकं बघून म्हणाली, "मम्मा, टेंशन क्यों ले रही हो? फोटो खींचो, ऐप दो मिनट में पढ़ देगा, इंग्लिश भी कर देगा." तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीतच. मी तिच्यावर खेकसले, उगाचच. पोरीनं काय वाईट सांगितलं होतं? पण बाईंनी मराठीवर भरवसा ठेवला होता, आणि आता कुणीही शेंबडं पोर फोन धरून ती वही वाचू शकत होतं. त्या दिवसापासून मी एका जागी बसू शकलेले नाही. ओट्यापाशी जाते, परत येते, खोक्याचं झाकण उघडते, लावते.

शेवटी परवा दुपारी वही पिशवीत टाकली आणि कॅब करून बाईंच्या फ्लॅटवर गेले. भाचीनं किल्ली माझ्याकडे ठेवली आहे, महिनाअखेर जागा रिकामी करायची. का गेले ते मला धड सांगता येणार नाही. घरी वाचायचं धाडस होईना, एवढं खरं. तक्ता अजून जमिनीवरच होता. मी सवयीनं चपला काढल्या, मोजे घातले, आणि डाव्या रकान्यावर बसून वही उघडली. पहिली काही पानं साधी, बसच्या वेळा, औषधांची नावं. पुढची सगळी पानं एकमेकांना शिवलेली. तिन्ही कडांनी, पांढऱ्या दोऱ्यानं, धावदोरा घालून. बाईंना तुटलेलं बटण लावता येत नसे, ते काम माझ्याकडे असायचं. एक टाका आखूड, एक लांब, मध्येच रक्ताचा असावा असा तपकिरी ठिपका. फाडून टाकलं असतं तर सांभाळणं झालं नसतं, उघडं ठेवलं असतं तरी झालं नसतं… म्हणून ह्या बाईनं सुई हातात धरली होती. मला न विचारता. तेव्हा मी रडले, बस स्टँडवर आलं नव्हतं ते सगळं रडले.

आणि तरीही कात्री घेतली. लपवून काय करू? त्यांच्याच टेबलावरची कात्री घेऊन मी दोन टाके उसवले. पानाचा कोपरा उचलला गेला. आत बाईंचं ते किरटं अक्षर. अर्धी ओळ दिसली, मी ती वाचली. बोट पुढच्या टाक्यावर होतं. मग मात्र त्या खोलीत एकटी असून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात फडताळात सुईदोरा सापडला, काळाच दोरा होता, त्यानं ते दोन टाके परत घातले. पांढऱ्यात काळे, कुणालाही लांबून दिसतील असे.

संध्याकाळी विभागप्रमुखांना फोन करून सांगितलं, पुस्तक द्यायचं तर असंच द्या, होपींच्या चौकटी कोऱ्या, आणि त्या कोऱ्या का आहेत ते मी प्रस्तावनेत लिहीन. ते म्हणाले, "ऐसे कौन छापेगा?" मी म्हटलं, "पता नहीं जी." बहुतेक कुणीच छापणार नाही. ते मी गिळलं आहे, किंवा गिळते आहे म्हणा. वही आता माझ्या कपाटात आहे, ईराला हात लावू नकोस म्हणून बजावलंय. पण ती अर्धी ओळ… भाजी चिरताना आठवते, लाल सिग्नलला आठवते, वर्गात शिकवता शिकवता मध्येच आठवते. पुढे काय होतं, एवढंच कळत नाही. आणि बाई असत्या तरी त्यांनी मला सांगितलं नसतं.