तारीख गेलेला माल

तारीख उलटलेलं खाल्लं तर चालतं का, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. त्या दुकानात मी नऊ वर्षं काढली, म्हणून विचारतात. बिस्किटं चालतात, जरा सादळलेली लागतात एवढंच. शेवया चालतात, चहा चालतो, सुपाची पावडर चालते. दुधाच्या जिनसांचं विचारलं की मात्र माझा आवाज चढतो. विचारणाऱ्याला वाटतं, बाई विक्षिप्त आहे. असेन.

नव्वदीनंतर हैदराबादेत अशी दुकानं निघायला लागली, जिथे गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने फळीवरून माल उचलतं. नारायणगुड्याला एक निघालं आणि मला तिथे नोकरी लागली. बाबांचा कारखाना नुकताच बंद पडला होता, मी तिशी ओलांडून बिनलग्नाची घरात बसले होते, तेव्हा नोकरी कसली हे विचारायची सोय नव्हती. माझं काम तारखा बघायचं. जुना माल पुढे सरकवायचा, नवा मागे लावायचा, मुदत संपलेला काढून खोक्यात टाकायचा. आठवड्यातून एकदा कंपन्यांची माणसं येत. माल परत नेणं त्यांना परवडत नसे, म्हणून जाड काळ्या पेनाने ते तारखेवर फुली मारून जात, पुन्हा कुणी विकू नये म्हणून. तो माल मग कचऱ्यात जायचा, म्हणजे आमच्या पिशव्यांत. मालक तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

अशा रीतीने चिक्कडपल्लीच्या आमच्या दोन खोल्यांत चीझ आलं, लोणी आलं, मलईची पाकिटं आली. पगारातून यातलं काहीही घरात आलं नसतं. फक्त फुलीखालची तारीख वाचता येत नसे. चार दिवस झालेत की चार महिने, हे घरी कुणालाच कळायला मार्ग नव्हता.

ते आई ठरवायची. आईच्या नाकाचा आमच्या गल्लीत लौकिक होता. खालच्या मजल्यावरची तेलुगू बाई लोणच्याची बरणी घेऊन वर यायची आणि म्हणायची, "अम्मा, जरा चूडंडी." बघा म्हणून. आई झाकण उघडून एकदाच वास घ्यायची आणि "ठेव" म्हणायची, नाहीतर "फेक". तिसरा शब्द नाही. मी पाकिटं ओट्यावर ओतली की ती एकेक फोडून तसाच निकाल लावायची. एकदा मी म्हटलं, तारीख छापतात ती काय उगाच? तर म्हणाली, आपल्याकडे दुपारी करंट किती तास जातो ते कंपनीला काय माहीत. तिचं कधी चुकलं नाही. सहा वर्षं आम्ही फुलीचा माल खाल्ला आणि कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

मग आई देवभोळी व्हायला लागली. मला तरी तसं वाटलं. आधी सणावारीच नैवेद्य असायचा, आता रोज दोन वेळा दाखवायला लागली. नैवेद्याच्या अन्नाचा आधी वास घेत नाहीत, चव बघत नाहीत, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे मी काही उघडून "बघ गं हे" म्हटलं की ती म्हणायची, आज त्याचा नैवेद्य आहे, वास नको घ्यायला. मी तिची थट्टा करायची. देवाला आता चीझ लागायला लागलं का, असं विचारायची. ती हसायची नाही, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याच सुमारास बाबांना स्वयंपाकघरात लुडबुड करायची सवय लागली. बंद कारखान्याचा माणूस, दिवस जाता जात नसेल, असं मी धरून चालले होते. आई कढई चढवायच्या आधी ते तिथे हजर. भांड्यांवरची झाकणं उचल, डबे उघड, पातेल्यात डोकाव. मी दोनतीनदा खेकसले त्यांच्यावर. माझा स्वभाव तापट आहे, तेव्हा तर जास्तच होता. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे आणि घरी आल्यावर राग काढायला कुणीतरी लागायचं.

फाल्गुनात एकदा बाबा दोन दिवस लातूरला आत्याकडे गेले. त्या दिवशी मी कामावरून आले, जेवायला बसले, आणि वरणाचा पहिला घास तोंडातून परत ताटात काढला. सपशेल आंबलं होतं. आई माझ्यासमोर तेच वरण भाताबरोबर खात होती. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. मी ताट सरकवलं आणि जे सुचेल ते बोलले. इतकं आंबलेलं कळत नाही, तर स्वयंपाक करतेस कशाला? पुन्हा असं झालं तर मी बाई लावीन, मग तू बस देवापुढे दिवसभर. आईने ताटं उचलली. ती काही बोलली नाही, आणि तिची चूक होती म्हणून ती गप्प आहे असं मी समजले. बाबा परत आल्यावर मी त्यांनाही हेच ऐकवलं, आणि बाई लावीन ते नुसतं बोलायला म्हणून नाही, असंही सांगितलं. चाळीस वर्षं त्या ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईला याचा अर्थ काय वाटेल, हे बाबांना कळलं. मला कळलं नाही.

पाडव्याला दुकानाला सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी मी फुलीची दोन मलईची पाकिटं आणली होती. आईने चक्का घरी बांधला होता, त्यात ती मलई घालून पहाटेच श्रीखंड केलं. मी सकाळपासून पुऱ्या लाटायला स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. बाबा दोनदा दाराशी आले. दोन्ही वेळा मी त्यांना हाकललं, नैवेद्याचं आहे, लुडबुड करू नका म्हणून. चांगल्या मूडमध्ये होते मी त्या दिवशी.

नैवेद्य झाला, पानं वाढली. बाबांनी श्रीखंडाचं बोट चाटलं आणि क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्या पानाजवळची वाटी उचलून आपल्याकडे घेतली, श्रीखंडाचं पातेलंही ओढलं, आणि म्हणाले, आज हे माझं एकट्याचं, कुणी मागायचं नाही. त्यांना साखरेचा आजार होता, मूत्रपिंडं अधू झाली होती, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. मी भडकले. म्हटलं, वय काय, हावरटपणा काय, आजारी पडलात तर मी रजा घेणार नाही. "सालातून एकदा खातो मी," असं म्हणून ते खात राहिले. पुरी लावून, मग नुसतंच, चमच्याने, पातेल्याचा तळ खरवडून. मी रागाने बटाट्याची भाजी आणि पुरी खाऊन उठले. आई मागाहून बसायची, तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. कसं झालं होतं, असं तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, फार चांगलं झालं होतं.

दिवस कलायच्या आत त्यांना उलट्या सुरू झाल्या. अंधार पडेपर्यंत त्यांना उभंही राहवेना. खालच्या बाईच्या नवऱ्याने ऑटो आणला आणि आम्ही त्यांना इस्पितळात घातलं. डॉक्टर मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, खाण्यातून विषबाधा झाली आहे, एरवी माणूस सलाइनवर सावरतो, पण यांची मूत्रपिंडं ते सोसणार नाहीत. चौथ्या दिवशी ते गेले.

मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं.

त्या सकाळी मी कपडे न्यायला घरी आले. मागच्या गॅलरीतल्या कचऱ्याच्या डब्यात मलईची पाकिटं तशीच पडलेली होती. उचलून वास घेतला आणि मला ओकारी आली. उन्हात तीन दिवस पडल्यावर येणारच, हे आज मला कळतं. तेव्हा मी ते पाकीट घेऊन तशीच आईसमोर गेले आणि तिच्या नाकाखाली धरलं. ती मागे सरकली नाही, तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. "काय आहे?" असं तिने विचारलं.

मग तिने सांगितलं. दोन वर्षं झाली होती. थंडीतल्या एका तापानंतर वास गेला तो गेलाच. अगरबत्ती कळत नव्हती, फोडणी जळलेली कळत नव्हती, चवही निम्मी गेली होती. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघत राहिली. खालच्या बाईला निकाल देताना अंदाजाने देत होती. आपण वाढलेलं बरं आहे की नाही, हे खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखत होती.

हे ऐकून मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी उभी राहिले, आणि अगदी हळू, एकेक शब्द तोडून म्हणाले, "तुझ्या हातचं खाऊन बाबा मरायला टेकलेत. तुझ्या खोटेपणाने." पाकिटं माझ्या पिशवीतून आली होती. फुली पुसट होती, खालचा महिना मला दुकानात वाचता आला होता आणि तरीही मी ती उचलली होती. हे सगळं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या अकरा वर्षांत नाही. तिने पदराने हात पुसले आणि बाबांच्या कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

मी इस्पितळात परतले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. चेहरा सुजला होता, आवाज फार बारीक झाला होता. त्यांनी मला वाकायला सांगितलं. म्हणाले, पहिल्या बोटालाच समजलं होतं, कडवट होतं. मग सगळं का खाल्लंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू खाल्लं असतंस तर तिचं तुला कळलं असतं. आणि रोज मीच वास घेऊन तिला सांगत होतो, त्या दिवशी तेवढं राहून गेलं. एवढं बोलून ते दमले. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझ्या खाण्यातून झालं हे तिला समजू देऊ नको, बेटा. ती पुन्हा ओट्याशी जाणार नाही."

आईला ते बोलून तास-दीड तासच झाला होता.

"हौ बाबा," मी म्हटलं. "नाही सांगत."